जंतूचे देव किती

पट्टीवर एकच रेघ.
पंधरा मिनिटं थांबले, वीस झाली,
टॉर्च मारून पाहिलं. एकच.
म्हणजे ताप दुसरा कसलातरी, असं आमचं पुस्तक सांगतं.
पण जैरीचं अंग
मोहाच्या भट्टीतल्या दगडासारखं तापलेलं
आणि तीन गोधड्यांखाली तिचे दात वाजत होते.

रैनी पोटावी, सहा टोल्यांची आशाताई,
पट्टीकडे न बघताच म्हणाली,
खोटी तुमची पट्टी बोलते, मॅडम. पोरगी नाई.

काचेवर थेंब पसरला, सुकवला,
अकरा किलोमीटर मागे येऊन रंगवला.
तेल सोडलं, डोळा लावला.
होता की.
बारीक अंगठ्या, एका बाजूला खडा बसवलेल्या,
मधेच दोन विळे, धार लावून ठेवलेले.
रात्रीच परतले गोळ्या घेऊन.
पहिली तिनं ओकून टाकली, दुसरी राहिली पोटात.

त्याच हातानं गाळणकागदावर
तिच्या बोटाचे तीन थेंब घेतले.
आधी पळसाचे,
सकाळपर्यंत वाळल्या तेंदूपानाचे.
सोबत ओल पिणाऱ्या दाण्यांची पुडी,
पाकिटावर नंबर : चारशे सतरा.
नाव लिहायचं नसतं.
आलापल्लीच्या एसटीत कंडक्टरच्या पायाशी
ते पाकीट निघालं. जैरी अजून अंथरुणातच होती.

कागद आला तेव्हा धान झोडपून झालं होतं.
गोटुलात बसून मी वाचून दाखवला :
पट्टी ज्या खुणेनं या जंतूला ओळखते
ती खूण घडवणारं जनुकच याच्यात नाही.
वाटेत कुठंतरी टाकून दिलंय त्यानं.
रैनीनं ते माडियात सांगितलं.
जनुकाला शब्द सापडेना, तिनं आपल्या गळ्याला हात लावला,
मग आईकडे बोट केलं, मग आजीकडे.

डोबी पेरमा विडी विझवून म्हणाला,
त्याचे देव किती लिहिलेत कागदात?

मला हसू आलं. आणि लगेच गेलं.
इथे सोयरिकीआधी हाच प्रश्न.
चार देवांचे, पाच, सहा, सात,
सारख्या देवांचे ते भाऊ-भाऊ, तिथे लग्न नाही.
कोण कोणाचा, हे म्हातारा
शहरातल्या मशीनइतकंच चोख सांगतो,
आणि त्याला सुई लागत नाही.

मी म्हटलं, दादा, आपल्या अंगात तो नुसता वाढतो.
लग्न त्याचं डासाच्या पोटात.
मांडव तिथला, वऱ्हाडही तिथलंच.
बाया तोंडाला पदर लावून खिदळल्या.

दुसऱ्या पानावर होतं :
नमुना चारशे सतराचं नातं
इंद्रावतीपलीकडच्या नमुन्यांशी जुळतं.
आमचंही जुळतं, डोबी म्हणाला.
जैरीची माय तिकडचीच. बाजार तिकडचा. कोंबडे तिकडचे.
मग हा जावई झाला म्हणायचा.
जरा थांबून,
देव टाकलेला माणूस ओळखू येत नाही, बाई,
पण भूक त्यानं कुठं टाकली?

यावर कागदात काही नव्हतं.

कपाटात त्याच पट्ट्यांचे बारा डबे अजून आहेत.
वर कळवलंय. वरून कळवू म्हणालेत.
रैनी आता आधी कपाळाला हात लावते, मग पट्टी काढते.
एक रेघ आली तरी काच मागते.

परवा जैरी भेटली, डोक्यावर सरपण.
माझं रगत कुठंय, म्हणाली.
मी सांगितलं, मोठ्या शहरात, एका पेटीत,
बर्फाहून गार असते ती, खराब होऊ नये म्हणून.
आणि तो? तोही तिथंच?
तोही.
तिनं मोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.
वाजू दे मग त्याला थंडी,
म्हणाली, आणि उताराला लागली.